समोरचे दोन कोपरे

कापड दुकानातून घरी येतं ते खोटं बोलतच येतं, असं नरहरी मामांचं ठाम मत होतं. "खळ लाविलेलं, इस्त्री मारिलेलं, घडी घालोन ठेविलेलं. तें खरं कसं बोलेल, बाई? त्यास पाण्यांत घाला. रात्रभर राहूं दे. सकाळीं पाहा, अवघं खरं बोलतें."

परवा पुण्यात एका क्विल्टिंगच्या वर्गाला गेले होते. वर्ग कसला, शनिवारचा विरंगुळा. शिकवणाऱ्या मुलीने पिशवीतून नवंकोरं कापड काढलं, तसंच टेबलावर पसरलं, पट्टी ठेवली आणि चाकाच्या कटरने सर्रकन कापलं. माझ्या तोंडून "अगं थांब!" इतक्या मोठ्यांदा निघालं की शेजारच्या बाईंच्या हातातल्या टाचण्या सांडल्या. मुलगी घाबरून म्हणाली, "काय झालं, मॅडम?" आता हिला काय सांगू? तू जे केलंस ते बघून चेन्नईत अंबत्तूरला एक म्हातारा माणूस दुपारचं जेवला नसता, असं सांगितलं असतं तर तिने मला वर्गाबाहेर काढलं असतं. मी "काही नाही" म्हटलं आणि टाचण्या वेचायला खाली वाकले, ती बराच वेळ तशीच राहिले. मामांची आठवण अशी भलत्या वेळी येते आणि मग दिवसभर जात नाही.

माझं माहेर इचलकरंजीचं. मागांच्या खडखडाटात वाढलेली मुलगी मी. कापडातलं आपल्याला सगळं कळतं ही घमेंड मला लहानपणापासून. अविनाशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात लागली आणि आम्ही अंबत्तूरला एका जुन्या बैठ्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालक आणि त्यांची बायको. फाटकावरच्या पाटीवर 'टी. नरहरी राव'. राव म्हणजे तेलुगू असणार, असं मी आपलं ठरवून टाकलं. अविनाश पहाटे कंपनीच्या बसने जायचा तो दिवेलागणीला यायचा. मधला सगळा दिवस माझा आणि पंख्याचा. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. पहिले तीन आठवडे घरमालकांशी माझं बोलणं "वॉटर मोटर ऑफ, सार" याच्यापुढे गेलं नाही.

धाकट्या बहिणीला, मंजूला, सातवा महिना लागला होता. तिच्यासाठी गोधडी करायची माझ्या मनात होतं. बाळ-बाळंतिणीला दोघांना पुरेल अशी मोठी, मऊ, हळदी अस्तराची. अस्तराचं चांगलं मोठ्या पन्ह्याचं सुती कापड आणलं, गच्चीत सतरंजीवर पसरलं, फोन स्पीकरवर ठेवून मंजूशी गप्पा मारत कातर हातात घेतली. "आत्ता कापते बघ, दोन महिन्यांत तुझ्या हातात," असं म्हणतेय तोच मागून आवाज आला.

"कापूं नका."

वळून बघते तर राव सार. वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात बनियन, हातात वाळत घातलेल्या सांडग्यांचं ताट. मला वाटलं उन्हाने कानात काहीतरी झालं.

"तुम्ही मराठी?"

"होय कीं. तंजावरचे. आमचे वाडवडील राजाबरोबर आले, तेव्हांपासोन येथेंच अहों." मग कापडाकडे बघून तोंड कसनुसं केलं. "कातर खालीं ठेवा, बाई. तें कापड वाकडं अहे."

मी म्हटलं, अहो, कडा तर सरळ आहेत. त्यांनी ताट कठड्यावर ठेवलं, वाकून कापडाचे दोन काठ जुळवून धरले आणि मला दाखवलं. काठाला काठ लागला होता, पण खालची टोकं एकमेकांपासून चांगली चार बोटं दूर. दुकानदाराने तिरपंच फाडलेलं. इचलकरंजीचं नाक तिथल्या तिथे कापलं गेलं. फोनमधून मंजू विचारत होती, "ताई, कोण गं ते? नाटकातल्यासारखं कोण बोलतंय?"

त्यांचं मराठी होतंच तसं. बखरीवर सांबार सांडल्यासारखं. 'करोन', 'मजला', 'कोठें', 'अवघें' असे शब्द आणि मध्येच 'सेरी' म्हणजे बरं, 'पोदुम' म्हणजे पुरे, आणि 'अय्यो'. बोलण्याचा हेल पूर्ण तमिळ. पहिले चार दिवस मला हसू आवरणं कठीण गेलं. ते मात्र माझं मराठी अगदी गंभीरपणे ऐकायचे. मी 'मस्त' म्हटलं की म्हणायचे, "मस्त म्हणजे? हत्तीस मस्ती येते, तशी?" मी त्यांना अंकल म्हटलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "अंकल अवघ्या गल्लीनें म्हणतात. तुम्ही मामा म्हणा."

मामांची सगळी नोकरी लष्कराचे कपडे शिवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून गेली. तिथेच शिलाई खात्यात सेल्वीअम्मा मशीनवर बसायच्या. हा कापणार, ती शिवणार. लग्नही तिथेच ठरलं. मुलगा सिंगापूरला, सून तमिळ, नातवंडं इंग्रजी. सेल्वीअम्मांना मराठी येत नव्हतं. आम्ही दोघं बोलायला लागलो की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि कढईशी उगाच जास्त आवाज करायच्या.

"घरांत मराठी आईबरोबर बोलत होतों," मामांनी एकदा सांगितलं. "आई गेली. त्यावर कोणाबरोबर बोलूं? थोडे दिवस देवाबरोबर बोललों. तो उत्तर देत नाही."

हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला हसता आलं नाही. सेल्वीअम्मांनी पुढे मला सांगितलं, की आम्ही राहायला आलो त्या पहिल्या आठवड्यापासून हे जिन्याखाली खुर्ची टाकून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, इथे वारा चांगला येतो. तिथे वारा कुठला यायला? तिथे माझे फोन ऐकू यायचे. मंजूचे डोहाळे, माझ्या सासूबाईंच्या कागाळ्या, सगळं त्यांना आधीच पाठ होतं.

कापड सरळ करणं हे मामांच्या लेखी कापण्याच्या आधीचं काम नव्हतं, तेच काम होतं. कापणं म्हणजे शेवटी सही करण्यापुरतं. कापड आधी बादलीत रात्रभर भिजवायचं. पिळायचं नाही, दांडीवर टाकून सावलीत वाळवायचं, काठ जमिनीला समांतर ठेवून. मग काठाशी कातरीने बारीकसा छेद द्यायचा, एक आडवा धागा नखाने उचलायचा आणि हळूहळू ओढत न्यायचा. कापडाला चुण्या पडत जातात, धागा तुटतो, पुन्हा शोधायचा, पुन्हा ओढायचा. शेवटी या काठापासून त्या काठापर्यंत एक बारीक रेघ उमटते. त्या रेघेवर कापायचं. "ही रेघ मीं नाही मारली. विणणाऱ्यानें मारली," असं ते म्हणायचे.

एवढं करूनही कापड काटकोनात येतंच असं नाही. आडवे धागे उभ्या धाग्यांवर कललेले असतात. मग दोन माणसांनी समोरासमोर उभं राहायचं, जे दोन कोपरे आखूड पडतात ते धरायचे आणि उरेबावर, म्हणजे कर्णाच्या तिरक्या रेषेत, ओढायचं. हिसका द्यायचा नाही. ओढायचं, सोडायचं, पुढे सरकायचं, पुन्हा ओढायचं. मग काठाला काठ लावून घडी धरायची. घडी पाण्यासारखी सरळ खाली पडली तर कापड बरोबर. तिला लाट आली तर पुन्हा पहिल्यापासून. तीन-साडेतीन मीटरच्या कापडाला हे एकट्याने होतच नाही. समोरचे दोन कोपरे धरायला दुसरं माणूस लागतंच लागतं.

आणि दुसरं माणूस समोर उभं असलं, मध्ये कापड ताणलेलं असलं, की बोलणं आपोआप होतं. हात गुंतलेले, नजर धाग्यावर, त्यामुळे कोणी कोणाकडे बघत नाही. मामा त्या वेळी जे बोलायचे ते खुर्चीत बसून कधी बोलले नसते. त्यांच्या आईच्या हातचं आंबट वरण, तंजावरच्या घरातल्या विहिरीचं पाणी, शाळेत मास्तरांनी मराठीत बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं ते. मी त्यांना पंचगंगेचा पूर सांगायचे, यात्रेतले भेंड-बत्तासे सांगायचे. एखादा शब्द त्यांना सापडायचा नाही, डोळे मिटून, कोपरा हातात घट्ट धरून ते उभे राहायचे आणि मग एकदम म्हणायचे, "उंबरा! उंबरा म्हणत होती आई!" आणि हरवलेली चिल्लर सापडल्यासारखे खूश व्हायचे.

कारखान्यातला त्यांचा एक किस्सा सेल्वीअम्मा सांगायच्या, कारण मामा स्वतः सांगताना लाजायचे. कुणी मोठा साहेब पाहणीला आला होता. टेबलावर कापडाचे थर लावून तयार, मशीन चालू करायचं बाकी. मामांनी खालचा थर उचलून पाहिला आणि म्हणाले, आज कापत नाही, हा थर सरकलाय. सुपरवायझरच्या कपाळाला घाम. साहेब म्हणाला, थोडंसं सरकलं तर काय होतं? मामा म्हणाले, "साहेब, थोडंसं सरकलं तर तिसऱ्या धुण्यानंतर पँटची शिवण पायावर फिरते. जवान सरळ चालतो, पँट डावीकडे निघते." साहेबाला हसू आलं. तोवर मामांनी थरांचा एक कोपरा त्याच्यापुढे धरला होता. "साहेब, तो कोपरा जरा धरा." आणि खांद्यावर पट्ट्या असलेला तो माणूस अर्धा तास कापड ओढत उभा राहिला म्हणे. पुढे कधी भेटला की विचारायचा, राव, सरळ आहे ना सगळं?

घरात तर त्यांचा ताप होताच. ते कॅलेंडर सरळ करायचे, आमच्या दारावरचा पडदा सरळ करायचे, लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसले की टेबलावरचा कागद कडेला जुळवून घेतल्याशिवाय पानाला हात लावायचे नाहीत. एकदा गोधडीच्या वरच्या तुकड्यांसाठी कापड घ्यायला मी त्यांना दुकानात घेऊन गेले. मोठी चूक. प्रत्येक ताग्याचं टोक उलगडून, चष्मा कपाळावर चढवून, त्यांनी धागा ओढून बघायला सुरुवात केली. दुकानदार आधी 'सार, सार' करत होता, नंतर नुसता बघत राहिला, शेवटी त्याने चहा मागवला. आम्ही दोन तासांनी दीड मीटर कापड घेऊन निघालो. मी शरमेने अर्धमेली. मामा मात्र बसमध्ये म्हणाले, "बरा मनुष्य अहे. कापड वाईट अहे."

तर हे अस्तर. भिजवलं, वाळवलं, धागा ओढला, दोन्ही टोकं नीट कापली. मग ओढायला लागलो. पहिल्या दिवशी चार बोटांचं तीन बोटांवर आलं. दुसऱ्या दिवशी दोनवर. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पुन्हा चारवर. "कापड हट्टी अहे," मामा म्हणाले. आठवडा गेला, दोन गेले. मी रोज दहा वाजता खाली यायचे, आम्ही तासभर ओढायचो, घडी जवळजवळ सरळ पडायची, मामा म्हणायचे "उद्यां कापूं," आणि उद्या ते पुन्हा तिरपं. मंजू बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाला मी दुकानातली दुलई पाठवली आणि बहिणीकडून काय ऐकायचं ते ऐकलं. मी वैतागले होते. सरकारी नोकरीत जन्मभर ज्याचा हात चुकला नाही त्याला एक अस्तर सरळ करता येईना, म्हणजे म्हातारपण आलं, असं मी अविनाशला म्हणालेसुद्धा.

एका सकाळी मी अर्धा तास लवकर खाली उतरले. सेल्वीअम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला जवळ ओढलं. आत हॉलमध्ये मामांनी कापडाचा एक कोपरा खिडकीच्या गजाला बांधला होता आणि समोरचा कोपरा दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, ते तो ओढत होते. उलट्या बाजूला. आदल्या दिवशी आम्ही तासभर खपून सरळ केलेलं कापड ते मन लावून वाकडं करत होते.

एव्हाना मला बऱ्यापैकी तमिळ कळत होतं. सेल्वीअम्मा कुजबुजल्या, "रोज हेच. तू यायच्या आधी. मी म्हटलं, वेड लागलं का तुम्हाला? तर म्हणाले, सरळ झालं तर कापावं लागेल. कापलं की ती वर जाऊन शिवत बसेल."

मी तशीच पाय न वाजवता वर गेले आणि पलंगावर बसून रडले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दहा वाजता चपला मुद्दाम आपटत जिना उतरले. मामा कापड घडी करून, चष्मा पुसत, साळसूदपणे बसले होते. आम्ही काठाला काठ लावला.

"आज तर पाच बोटं, मामा," मी म्हटलं.

"हट्टी अहे," ते म्हणाले. "काय करावें?"

"काही घाई नाही," मी म्हटलं. आणि त्या दिवशी निघताना माझ्याकडचा कोपरा मीही थोडा ओढून ठेवला.

असं आम्ही दोघांनी मिळून ते कापड पाच महिने सरळ केलं. माझ्या आयुष्यात इतकं निरुपयोगी आणि इतकं सुखाचं काम मी दुसरं केलं नाही. सेल्वीअम्मा येता-जाता कापडाकडे बघून "मुडिंजुदा?" म्हणायच्या, संपलं का? आणि आम्ही दोघं एका सुरात नाही म्हणायचो.

मग अविनाशची बदली चाकणला झाली. मामांना सांगायचं कसं म्हणून मी चार दिवस टाळलं. शेवटी एका सकाळी कापड ताणलेलं असतानाच सांगून टाकलं. म्हटलं, महिनाअखेरीला निघायचंय. समोरचा ताण एकदम सैल पडला. त्यांनी वर बघितलं नाही. "सेरी," म्हणाले, आणि कापडाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर कापड टेबलावर पसरलेलं. आम्ही काठाला काठ लावला, टोकं तंतोतंत जुळली. घडी धरली, ती पाण्यासारखी सरळ पडली. त्या सकाळी त्यांनी ते ओढलंच नव्हतं.

"आज कापूं," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "मामा, अजून जरासं तिरपं वाटतंय मला. या बाजूला."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. त्या पाच महिन्यांत कापड मध्ये असताना त्यांनी माझ्याकडे थेट असं बहुधा पहिल्यांदाच बघितलं. "नाही, बाई. कापडाविषयीं खोटं बोलूं नये."

मग त्यांनी कातर घेतली. हात इतका स्थिर की मला वाटलं, हा माणूस कारखान्यातून कालच निवृत्त झालाय. अस्तर कापलं, वरचे तुकडे कापले, चौकोनावर चौकोन रचले. एकाचाही कोपरा बाहेर आला नाही. सगळं एका जुन्या मऊ वेष्टीत बांधून माझ्या हातात दिलं. सूचना दिल्या: इस्त्री धाग्याच्या दिशेने फिरवा, गोल फिरवूं नका, मध्यापासोन टाके घाला, कडेपासोन नाही. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा ते झाडांना पाणी घालत होते. आधीच चिखल झालेल्या कुंड्यांना.

चाकणहून मी फोन करायचे. ते दोन वाक्यं बोलून फोन सेल्वीअम्मांकडे द्यायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "फोनवर हात रिकामे राहतात. बोलतां येत नाही." गोधडी पूर्ण झाली तेव्हा मी फोटो पाठवला. सेल्वीअम्मांनी निरोप दिला: बघितला, उजवीकडचा वरचा कोपरा बरा आहे म्हणतात. मंजूच्या मुलीने तोवर चालायला सुरुवात केली होती. आणि मी, खरं सांगायचं तर, नव्या घरात, नव्या गावात गुंतले. फोन आठवड्याचे महिन्यावर गेले, महिन्याचे सणावर. याची टोचणी मला अजून आहे.

दोन वर्षांनी एका दुपारी सेल्वीअम्मांचा फोन आला. मामा न्हाणीघरात पडले होते. डोक्याला मार. दवाखान्यातून घरी आणलं होतं, हात-पाय ठीक होते, पण तमिळ गेलं होतं. "एक शब्द नाही," त्या म्हणाल्या. "मी बोलते ते कळतं की नाही माहीत नाही. दिवसभर तुमच्या भाषेत बोलतात. एकच काहीतरी, पुन्हा पुन्हा. काहीतरी मागतायत. पाणी दिलं, नको. पंखा लावला, बंद केला, तेही नको. एवढी वर्षं संसार केला आणि मला कळत नाही माझा नवरा काय मागतोय." मग त्या फोनवरच रडायला लागल्या. मी फोनवर ऐकवायला सांगितलं तर नुसतं पुटपुटणं आलं, काही लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने मी निघाले.

हॉलमध्ये पलंग टाकला होता. मामा खूप लहान दिसत होते. बोटं चादरीच्या कडेवरून सारखी फिरत होती. मी जवळ बसले, "मामा, मी आलेय," म्हटलं. त्यांनी बघितलं, पण ओळख नव्हती. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. शब्द अगदी स्पष्ट होते.

"आई, तिला आंत घे. उन्हांत उभी अहे ती. आई, तिला आंत घे."

"एन्ना सोल्रार?" सेल्वीअम्मांनी विचारलं. काय म्हणतायत?

मी सांगितलं. त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या, मग हळूच खाली बसल्या.

"चित्तिरै महिना होता, भर उन्हाळा," त्या म्हणाल्या. "रजिस्टर लग्न करून आम्ही थेट घरी आलो. माझ्या गळ्यात हार होता. त्यांच्या आईने मला फाटकाशीच थांबवलं. आपल्यातली नाही, आपली भाषा नाही, आत यायचं नाही. हे एकटे आत गेले. मी बाहेर उभी. पाय भाजत होते. आतून यांचा आवाज यायचा, तुमच्या भाषेत, तेच तेच, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, कबूल करतायत. हिला परत पाठवतो म्हणून सांगतायत." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "उन्हं कलल्यावर आईने दार उघडलं. नंतर मी कधी विचारलं नाही, तुम्ही काय बोलत होता. भीती वाटायची, वाटलं होतं तेच निघालं तर काय करू. आणि ती भाषाच नको झाली मला. कानावर आली की मी उठून जायची."

पलंगावरून पुन्हा तेच आलं. "आई, तिला आंत घे."

"सांग ना त्यांना," सेल्वीअम्मा म्हणाल्या. "सांग, ती केव्हाच आत आली."

मी तोंड उघडलं आणि थांबले. हे माझं सांगायचं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा, मी शब्द देते. दोनच शब्द आहेत. त्यांनी मान हलवली, नाही म्हणाल्या, लाजल्यासुद्धा. मग उठून पलंगाच्या कडेला बसल्या, मामांचे चादरीवर फिरणारे हात आपल्या हातात घेतले, आणि माझ्या तोंडाकडे बघत, एकेक अक्षर तोलून म्हणाल्या, "आंत आले."

मामांचे डोळे त्यांच्याकडे वळले.

"आंत आले," त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी माझ्याकडे न बघता.

मामांनी मोठा श्वास सोडला. त्या दुपारी ते शांत झोपले. पण उठल्यावर सगळं विसरून पुन्हा तेच सुरू झालं. ते तसंच चालणार होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला संध्याकाळच्या विमानाने परतायचं होतं. मामांच्या पायांवर डोकं ठेवलं, सेल्वीअम्मांना मिठी मारली आणि पिशवी घेऊन निघाले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. फाटकाची कडी लावताना उघड्या खिडकीतून मामांचा आवाज ऐकू आला, आणि ते वाक्य संपायच्या आत सेल्वीअम्मांचं उत्तरही. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता तरी मी ते आणखी दोनदा ऐकलं.